आधी तोंड मिटा, मग शेड बघू

तीन महिने मी नागपुरात माणसांचे दात मागत हिंडत होते. शिकत होते कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री, म्हणजे दात वाचवण्याची शाखा, आणि एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीच्या, थीसिसला हवे होते काढलेले दात. तेही कसे, तर न किडलेले, भेग न पडलेले आणि फॉर्सेप्सचा ओरखडा नसलेले. असे दात मिळण्याची एकच जागा: ऑर्थोची, म्हणजे दातांना तारा लावून घेणारी, मुलं. वाकडे दात सरळ करायला जागा हवी म्हणून त्यांचे सुळ्यांमागचे चांगले धडधाकट प्रीमोलर दात काढतात. रोज दुपारी साडेबाराला मी बाटली घेऊन ओरल सर्जरीच्या ओपीडीत उभी. तिथल्या सिस्टर मला लांबूनच बघायच्या आणि म्हणायच्या, "आली बाप्पा दातवाली!"

बाटलीत थायमॉलचं पाणी असायचं, ०.१ टक्का, दातांवर जंतू वाढू नयेत म्हणून. थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल. होस्टेलच्या माझ्या खोलीला वर्षभर ओव्याचा वास होता. भेटायला आलेल्या आत्याला वाटलं माझं पोट बिघडलंय.

विषय दात पांढरे करण्याच्या उपचारांचाच का घेतला, त्यामागे एक नवरी आहे. पहिल्या वर्षाला मी संध्याकाळी एका खासगी क्लिनिकमध्ये काम करायचे. तिथे ती लग्नाच्या पाच दिवस आधी आली. हिरड्यांवर लाइटने कडक होणारा रबरासारखा लेप लावला, दातांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा ठेवलं, वर निळा दिवा. तासाभराने शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांची पट्टी, लावून बघितली तर दात चार-पाच घरं उजळलेले. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, दोन्ही शेजारी लावून क्लिनिकच्या पानावर टाकले. ती खूश, क्लिनिकचे सर खूश, मीही खूश. हळदीच्या दिवशी तिचा फोन आला, "मॅडम, परत पिवळे दिसून राहिले हो." मी म्हटलं, चहा घेतला असेल तुम्ही. ती म्हणाली, "तुम्ही सांगितल्यापासून पाणीच पिऊन राहिली मी."

मी तिला खोटं ठरवलं होतं. ते पुढे वर्षभर टोचत राहिलं.

माझे गाइड सर जुन्या वळणाचे. त्यांच्याकडे विषय घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी एक गोष्ट सांगितली. १९६८ च्या सुमाराला अमेरिकेत आर्कान्सामध्ये बिल क्लुस्मायर नावाचे ऑर्थोडॉन्टिस्ट होते. पेशंटच्या हिरड्या सुजल्या होत्या म्हणून त्यांनी दातांवर बसवायच्या साच्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक भरून रात्रभर घालायला सांगितलं. हिरड्या बऱ्या झाल्याच, वर दातही उजळले. हेवूड आणि हेमन यांनी ही पद्धत १९८९ मध्ये रीतसर छापली आणि मग जगभर तिचा धंदा झाला. "म्हणजे बघ," सर म्हणाले, "हा सगळा उपचार मुळात एक साइड इफेक्ट आहे. तेव्हा तू इफेक्ट मोजशील तितक्याच काळजीने साइड इफेक्ट मोज."

ठरलं असं. आधी प्रयोगशाळेत काढलेल्या दातांवर पाच गट, प्रत्येकात पंधरा दात. एकाला घरी ट्रेमध्ये घालायचं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, दुसऱ्याला क्लिनिकमधलं कडक हायड्रोजन पेरॉक्साइड, तिसऱ्याला कोळशाची टूथपेस्ट, चौथ्याला लिंबू-मीठ. पाचव्याला काहीच नाही, नुसतं पाणी; हा तुलनेचा, म्हणजे कंट्रोल गट. लिंबू-मीठ माझ्या आग्रहाने आलं. आमच्या घरी आजी लिंबाची फोड मिठात बुडवून दातांवर घासायची आणि आम्हालाही घासायला लावायची. त्यानंतर माणसांवर चाचणी. सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, नाशिकला विद्यापीठात गेला, मंजूर होऊन आला आणि मी पंच्याहत्तर दात घेऊन बसले.

आता हे दात मुळात पांढरेच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे. त्यांना आधी घाण करणं भाग होतं. त्यासाठी चहा. माझ्या ज्युनियरने कॉलेजसमोरच्या टपरीवरून अर्धा लिटर चहा आणला, आलं-वेलचीसकट. सर बघून हसले. दुधातलं केसीन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं, मग ते दाताला चिकटणार कसं? कोराच चहा लागतो. आपण विदर्भातली माणसं दिवसाला सहा कप पिऊनही सगळेच्या सगळे काळ्या दातांचे का नाही, याचं थोडं श्रेय त्या दुधाला आहे. मग शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम पावडर, पाच मिनिटं उकळायची, गाळायची, त्यात दात, इन्क्युबेटर ३७ अंशांवर, रोज नवा चहा. सहा दिवसांनी दात जुन्या पुस्तकाच्या पानासारखे झाले.

रंग मोजणं हे या सगळ्या कामाचं हृदय, आणि तिथेच मी आपटले.

क्लिनिकमध्ये आपण वापरतो ती शेड गाइड म्हणजे सोळा खोट्या दातांची पट्टी. तिच्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात, पण उजळपणाच्या क्रमाने लावली तर बी-१ सगळ्यात पुढे आणि सी-४ सगळ्यात मागे जातो. बघणाऱ्याचा डोळा, खिडकीतला उजेड, पेशंटच्या साडीचा किंवा लिपस्टिकचा रंग, सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो. आणि सगळ्यात मोठा परिणाम बघणाऱ्याच्या इच्छेचा. म्हणून सोबत स्पेक्ट्रोफोटोमीटर. पेनासारखं टोक दाताला टेकवायचं, ते तीन आकडे देतं: उजळपणा किती, लाल-हिरव्याकडे कल किती, पिवळ्या-निळ्याकडे किती. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांमधलं अंतर काढलं की रंगफरक. तो साधारण १.२ च्या पुढे गेला की निम्म्या माणसांच्या डोळ्यांना कळायला लागतो.

पहिल्या फेरीच्या मोजणीचा दिवस. पंच्याहत्तर दात टिश्यू पेपरवर रांगेत मांडले. उपकरणाचं चार्जिंग संपलेलं. ते लावलं, तेवढ्यात घरून फोन. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख, कोण रजा घेणार, कोण डबा देणार. पाऊण तास गेला. मग शांतपणे बसून सगळी मोजणी केली. संध्याकाळी आकडे भरले तर पेरॉक्साइडचे दोन्ही गट उजळलेले. मी खूश होऊन तक्त्यात खाली आले आणि पाचव्या गटापाशी थबकले. ज्यांना काहीच लावलं नव्हतं, जे नुसते पाण्यात पडून होते, तेही उजळले होते. थोडेथोडके नाहीत, डोळ्यांना दिसेल इतके.

सरांकडे गेले तेव्हा माझा चेहरा बघून त्यांना आधी वाटलं दात हरवले. आकडे बघितल्यावर त्यांनी चष्मा काढला. "तुझे कंट्रोल न ब्लीच करताच पांढरे झाले. कुठे ठेवले होतेस?" टिश्यूवर, म्हटलं. "किती वेळ?" मी गप्प.

ओली वाळू गडद दिसते आणि वाळली की फिकट. कारण तेच. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, वजनाने ९६ टक्के खनिज असलं तरी त्याच्या सूक्ष्म फटींमध्ये पाणी असतं. ते आहे तोवर उजेड आत शिरतो आणि आतल्या पिवळसर डेंटीनचा रंग घेऊन परततो. पाणी उडालं, तिथे हवा आली, की उजेड वरच्या वरच विखुरतो आणि दात खडूसारखा पांढरा दिसतो. त्या रात्री मी सगळे दात परत पाण्यात टाकले. सकाळी ओलेच मोजले. कंट्रोल आपल्या जुन्या रंगावर आले होते. पेरॉक्साइडचे गट मात्र उजळच होते, पण आदल्या संध्याकाळपेक्षा बरेच कमी.

टेबलाशी बसल्या बसल्या मला ती नवरी आठवली. तासभर ओठ ताणून धरलेले, तोंडात कापूस, सक्शन चालू, वरून दिवा. दात वाळायला आणखी काय हवं? त्या वाळलेल्या दातांना मी शेड गाइड लावली होती, त्यांचाच फोटो काढला होता. दोन-तीन दिवसांत लाळेने दात पुन्हा भिजले आणि त्यांच्या खऱ्या रंगावर आले. ती पाणीच पीत होती. पाण्यानेच ते झालं होतं.

तिथून माझ्या थीसिसचा आराखडा बदलला. मूळ तक्त्यात 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच रकाने होते. सरांनी 'नंतर'वर लाल पेनाने गोल केला आणि शेजारी लिहिलं, "नंतर म्हणजे कधी?" मग 'नंतर'चे चार रकाने झाले: लगेच, २४ तास, ७ दिवस, १४ दिवस. काम दुप्पट झालं आणि प्रत्येक वेळी दात ओलाच मोजायचा.

दरम्यान जेलमध्ये लिहिलंय तेवढं औषध खरंच आहे का, हे बघायचं होतं. इथे लोकांचा एक घोळ होतो, कधी कधी डॉक्टरांचाही. कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे युरियाला बांधलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याच्या १० टक्क्यांतून प्रत्यक्ष पेरॉक्साइड निघतं साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाकिटावरचे '३५ टक्के' कार्बामाइडचे असतील तर ते साधारण १२ टक्के पेरॉक्साइड, आणि सरळ हायड्रोजन पेरॉक्साइडचे असतील तर पुरते ३५. हिरडीला लागल्यावर या दोन पस्तिसांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात रेघच मारून टाकली: ०.१ टक्क्यापर्यंत कुणालाही विका, त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंत फक्त दंतवैद्याकडून, पहिला वापर त्याच्या देखरेखीखाली आणि अठरा वर्षांखालच्यांना नाही.

बायोकेमिस्ट्रीत गेले. बारावीचं आठवून परमँगनेटचं टायट्रेशन करायला घेतलं. तिथले सर म्हणाले, "तुमच्या जेलमध्ये ग्लिसरीन, पुदिन्याचा वास, घट्टपणासाठी पॉलिमर. परमँगनेट त्यांनाही खाईल आणि तुम्ही म्हणाल पेरॉक्साइड सापडलं!" मग आयोडीनची पद्धत. जेल आम्लाच्या पाण्यात विरघळवायचं (हे जेल विरघळता विरघळत नाही, साबुदाण्याच्या खिरीसारखं गोळे धरून बसतं), पोटॅशियम आयोडाइड घालायचं, पेरॉक्साइड असेल तेवढं आयोडीन सुटून पाणी तपकिरी होतं. मग वरून थायोसल्फेट थेंबथेंब. रंग गवताच्या काडीसारखा पिवळा झाला की स्टार्च घालायचं, पाणी काळंनिळं होतं, आणि एका थेंबाला ते अचानक स्वच्छ. तो थेंब कधी पडला ते वाचायचं. मला हे काम इतकं आवडलं की गरजेपेक्षा जास्त वेळा केलं.

फ्रिजमधल्या सिरिंज लेबलाला धरून निघाल्या. त्याच डब्यातली एक सिरिंज मी मुद्दाम मे महिनाभर खोलीतल्या टेबलावर ठेवली होती. नागपूरचा मे, दुपारी ४५ अंश. तिच्यातलं पेरॉक्साइड चांगलंच उतरलं होतं. ऑनलाइन मागवलेल्या एका व्हाइटनिंग पेनावर टक्केच लिहिले नव्हते, आणि स्टार्च घातल्यावर पाणी धड निळंही झालं नाही. त्या पेनाच्या पाकिटावरच्या बाईचे दात मात्र बाथरूमच्या टाइलसारखे होते.

कडकपणा मोजायला शहरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या मेटलर्जी विभागात जायचे. तिथे पोलादाचे तुकडे तपासतात. माझे दात अ‍ॅक्रिलिकच्या गोल वड्यांमध्ये बसवून, सहाशे, आठशे, बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून आरशासारखे केलेले. त्यावर हिऱ्याचं चौकोनी टोक शंभर ग्रॅम वजनाने पंधरा सेकंद दाबायचं आणि पडलेल्या खड्ड्याचे कर्ण सूक्ष्मदर्शकातून मोजायचे. चांगलं इनॅमल विकर्सच्या मापावर तीनशेच्या आसपास येतं. तिथल्या लॅब असिस्टंटकाकांना दातांची किळस यायची. वडी ते चिमट्याने धरायचे, पण निकाल बघायला दरवेळी मान वाकवून यायचे.

१० टक्के कार्बामाइडने कडकपणात फारसा फरक पडला नाही. क्लिनिकमधल्या कडक जेलनंतर लगेच मोजलं तर कडकपणा घटलेला, पण दात कृत्रिम लाळेत दोन आठवडे ठेवल्यावर बराचसा भरून आला. दुसऱ्या अभ्यासांतही साधारण असंच दिसलं आहे, आणि खऱ्या तोंडात खरी लाळ असते तिथे नुकसान आणखी कमी दिसतं. इथेही पुन्हा तेच, कधी मोजता यावर उत्तर. कोळशाच्या पेस्टने चहाचे वरवरचे डाग थोडे निघाले, आतला रंग तसूभर हलला नाही, आणि माझ्या आरशासारख्या पृष्ठभागावर आडवे ओरखडे उठले. घासून भांडं चमकतं, पण भांड्याला आपण पुन्हा कल्हई करू शकतो.

आणि लिंबू. रंगाच्या तक्त्यात लिंबू-मिठाचा गट चांगला दिसत होता हो! दात पांढरे झाले होते. पण वडी प्रकाशात तिरकी धरली तर चमक गेलेली, खडूने सारवल्यासारखं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच, आणि इनॅमल साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. हिऱ्याचं टोक दाबलं तर खड्ड्याच्या कडाच धड दिसेनात, मोजायचं काय? काकांनी डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तं गंजल्यावाणी दिसून राहिलं." आजीचे दात साठीत का शिवशिवायचे, गरम भाकरीवर गार ताक पिताना ती गालावर हात का ठेवायची, ते मला त्या मेटलर्जीच्या लॅबमध्ये कळलं. आजी आता नाही.

माणसांवर चाचणी करायची तर आधी एथिक्स कमिटी. आमच्या कमिटीत बाहेरचे वकील होते आणि सामान्य नागरिक म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टर मंडळींनी नमुनासंख्या वगैरे विचारलं. बाईंनी माझं मराठी संमतिपत्र हातात धरलं. मी लिहिलं होतं, "उपचारादरम्यान दातांची संवेदनशीलता वाढू शकते." बाई म्हणाल्या, "संवेदनशील तर कवी असतो. दाताला काय होतं ते लिहा." मग बसून आम्ही शब्द शोधले. दात आंबणं वेगळं, ते चिंच खाल्ल्यावर. ठणका वेगळा, तो किडीचा. गार वाऱ्याने क्षणभर वीज गेल्यासारखं होतं ती सणक. 'दातांत सणक येऊ शकते' असं लिहिलं. नंतर स्वयंसेवकांच्या रोजच्या डायरीत हाच शब्द वापरला म्हणून मला नीट उत्तरं मिळाली, असं माझं ठाम मत आहे.

त्यांचा दुसरा प्रश्न असा, "पिवळे दात हा आजार आहे का?" नाही, म्हटलं. "मग बरं व्हायला कुणी येत नाहीये. आजारात थोडा त्रास माणूस सोसतो, इथे का सोसावा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि म्हणूनच तो प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिसरा, ज्यांना औषध नसलेलं जेल मिळेल त्यांना शेवटी खरं देणार की नाही? देणार, असं लिहून घेतलं. सीटीआरआयवर, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद झाली, त्यानंतरच पहिला माणूस खुर्चीत बसला.

त्याआधी मी स्वतःवर करून बघितलं. हे थीसिसमध्ये नाही. वरच्या जबड्याचं माप घेऊन मऊ ट्रे बनवला, खालचा तसाच ठेवला, तुलनेला. प्रत्येक दाताला ज्वारीच्या दाण्याएवढं १० टक्के जेल, रात्रभर. पहिल्या रात्री जास्त भरलं, सकाळी हिरडीची कड पांढरी पडलेली, थोडी चुरचुरणारी. संध्याकाळपर्यंत ती पूर्ववत झाली. तिसऱ्या दिवशी डिसेंबरच्या सकाळी गाडीवरून येताना तोंड उघडून हसले आणि समोरच्या दोन दातांत अशी सणक गेली की ब्रेक लावला. पेरॉक्साइड इनॅमल आणि डेंटीन पार करून काही मिनिटांत पल्पपर्यंत, म्हणजे दाताच्या आतल्या नसेपर्यंत, पोचतं हे मी सेमिनारमध्ये स्लाइडवर दाखवलं होतं. स्लाइडवर ते दुखत नाही. दोन रात्री सुट्टी घेतली, ट्रेमध्ये पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट भरून अर्धा-अर्धा तास ठेवली, मग पुन्हा सुरू. दहा दिवसांनी घरी गेले तर आई म्हणाली, "वरून शहर आन् खालून खेडं दिसून राहिलं तुझं."

स्वयंसेवक मिळायला दात मिळण्यापेक्षा सोपे होते, टिकवणं कठीण. चौदा दिवस रंगीत खायचं नाही असा तेव्हाचा आमचा नियम. म्हणजे चहा नाही, हळद नाही, आमसूल नाही. नागपुरात पोह्यांवर तर्री नाही! दहीभात, उकडलेला बटाटा आणि इडली यांवर माणसं किती दिवस काढणार? पुढे वाचनात आलं की या पथ्याने निकालात फारसा फरक पडत नाही. तोवर माझ्या स्वयंसेवकांचे शिव्याशाप घेऊन झाले होते. एकाने 'तंबाखू नाही' म्हणून सही केली होती. आरसा घालून खालच्या पुढच्या दातांच्या मागे बघितलं तर खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, काळा थर. "कधीमधी, मॅडम. पाहुणे आले तं." त्याला गाळलं, दात साफ करून दिले आणि गालाच्या आतली बाजूही तपासली, ते जास्त गरजेचं होतं.

यवतमाळकडच्या एका मुलीला मात्र नाही म्हणताना वाईट वाटलं. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर पांढरे ढग आणि मधे तपकिरी डाग. निकषांत ती बसत नव्हती. तिच्यावर सरांनी वेगळे उपचार केले. सुरुवातीच्या दिवसांत तिचे पांढरे ठिपके उलट जास्तच उठून दिसायला लागले आणि ती रडत आली. असं होतं हे आम्ही तिला आधी सांगायला हवं होतं. महिन्याभराने तपकिरी डाग फिके झाले होते आणि बाकीचा दात ठिपक्यांच्या जवळ आला होता.

डायऱ्या उघडल्या त्या दिवसाचं एक सांगते. कुणाला कोणतं जेल हे मलाही माहीत नव्हतं, पाकिटं दुसऱ्या विभागातल्या मॅडमनी सील केली होती. एका बँकेतल्या काकांनी सणकेला दहापैकी रोज सात-आठ लिहिले होते. रात्री फोन करायचे. मला खात्री होती त्यांच्याकडे खरं औषध आहे. निघालं नुसतं जेल. आणि चौदाच्या चौदा दिवस शून्य लिहिणारी एक शिक्षिका, तिच्याकडे पेरॉक्साइड. काकांना मी खोटं म्हणणार नाही. ट्रेचा दाब दातांवर पडतो, ग्लिसरीन दातातलं पाणी ओढतं, आणि संमतिपत्रावर 'सणक येऊ शकते' वाचल्यावर माणूस तिची वाट बघतो. पण तो नुसत्या जेलचा गट नसता तर काकांची सगळी सणक मी पेरॉक्साइडच्या खात्यावर मांडली असती.

बाकी निकाल सरळ होते. खऱ्या जेलच्या गटाचे दात उजळले आणि टिकले. ज्यांना सणक आली त्यांची बहुतेक शेवटचा डोस संपल्यावर काही दिवसांत गेली. कुणाची जुनी कॅप किंवा फिलिंग होतं ते त्याच रंगाचं राहिलं, कारण पोर्सेलीन आणि कॉम्पोझिट ब्लीच होत नाहीत. अशा तिघांना नंतर फिलिंग बदलावं लागलं, आणि तेही दोन आठवडे थांबून, कारण दातात अडकलेला ऑक्सिजन निघून जाईपर्यंत नवं फिलिंग नीट चिकटत नाही. निळा दिवा मी चाचणीत घेतलाच नव्हता. तो काही आठवड्यांच्या हिशेबात विशेष भर घालत नाही, असंच बहुतेक अभ्यास सांगतात.

संध्याकाळच्या क्लिनिकमध्ये मी तिथल्या सरांना सुचवलं की 'नंतर'चा फोटो दोन आठवड्यांनी घेऊ. ते हसले. "दोन आठवड्यांनी पेशंट फोटोला येतो का?" चूक नव्हते ते. येत नाही. माझ्या सहा महिन्यांच्या तपासणीलाही निम्मेच आले, तेही फोन करकरून.

त्यात ती शून्य लिहिणारी शिक्षिका होती. शाळा सुटल्यावर धावत आलेली, घामाघूम, दारातूनच ओठ वर करून दाखवत, "बघा ना मॅडम, आता किती आहेत? उतरले का?" मी उपकरण उचललंही नाही. पाण्याचा ग्लास दिला. "आधी तोंड मिटा ताई," म्हटलं, "पाच मिनिटं गप्प बसा. मग बघू." पाच मिनिटं गप्प बसणं तिला जमलं नाही. पुन्हा ग्लास भरून दिला आणि घड्याळ पहिल्यापासून लावलं.